दुःखाचे वाटेकरी

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आमच्याकडे आले. त्यांच्या शहराचे नाव आम्ही येथे देत नाही, आणि ओळख पटेल असा तपशीलही त्यांच्या संमतीने बदलला आहे. महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही शहरातील आपली मराठी वस्ती ती केवढी! गणेशोत्सवाच्या मंडपात जी माणसे भेटतात तीच लग्नाच्या पंगतीत, आणि तीच पुन्हा मंडळाच्या वाचनालयात. एका घरातला खोकला दुसऱ्या घरात ऐकू जातो. या भगिनींनी असा एक खोकला अकरा वर्षे दाबून ठेवला आहे. यजमान चांगल्या हुद्द्यावर होते. स्वभाव प्रेमळ, आरतीला त्यांचा आवाज सर्वांच्या पुढे. पण दिवेलागण झाली की बाटली. कुलदैवताच्या पायांवर हात ठेवून शपथा झाल्या, नवस झाले, औषधे झाली. महिना-दोन महिने बरे जात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता त्यांच्या डॉक्टरांनी एक समुपदेशन केंद्र सुचविले आहे. ते एका चर्चच्या आवारात आहे, आणि तेथे 'ग्रुप थेरपी' म्हणजे समूहोपचार करतात.

भगिनींचे प्रश्न तीन. घरची लक्तरे चार परक्यांसमोर वेशीवर टांगून माणूस बरा कसा होणार? आम्ही आपला देवधर्म पाळणारे. तिथल्या प्रार्थनेला बसावे काय? आणि तिसरा प्रश्न अगदी बारीक अक्षरात, कागदाच्या कडेला: तिथे बोललेले बाहेर गेले तर? मुलीचे लग्न व्हायचे आहे.

असे प्रश्न मनात धरून बसलेली घरे आमच्या वाचकांत आणखीही असतील, म्हणून उत्तर या सदरातून देत आहोत.

समूहोपचाराचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट नवलाची वाटते. त्याचा एक आरंभ धर्ममंदिराच्या आश्रयानेच झाला, आणि तोही मनोविकारासाठी नव्हे, तर क्षयासाठी. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९०५ साली डॉ. जोसेफ प्रॅट यांच्यापुढे क्षयाचे गरीब रुग्ण होते. आरोग्यधामात जाऊन राहणे त्यांना परवडणारे नव्हते. त्या शहरातील इमॅन्युएल चर्चचे धर्मगुरू एल्वुड वूस्टर यांनी पैशाची सोय केली आणि डॉक्टरांनी या रुग्णांचा एक वर्ग काढला. प्रत्येकाने घरीच मोकळ्या हवेत विश्रांती घ्यावी, रोजची हकिकत वहीत टिपावी आणि आठवड्यातून एकदा सर्वांनी जमावे, असा नेम होता. प्रॅट यांचा हेतू एवढाच की, एकेकट्याला सांगायचे ते सर्वांना एकदम सांगता यावे. परंतु त्यांच्या ध्यानात आले की, निरनिराळ्या वंशांची आणि पंथांची ही माणसे एका दुखण्याच्या नात्याने एकमेकांची होऊन गेली आहेत. एकाचे वजन वाढले की दुसऱ्याला आशा वाटे. डॉक्टरांच्या उपदेशाइतकेच काम ही सोबत करीत होती.

पुढच्याच वर्षी, १९०६ साली, वूस्टर यांनी सॅम्युएल मॅकोम्ब हे आपले सहकारी आणि डॉ. इसाडोर कोरियाट यांच्यासह मनाच्या व्यथांसाठी असेच कार्य चर्चमध्ये सुरू केले. तेथील क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी डॉक्टरांची तपासणी, मग धर्मगुरूंशी एकांतात बोलणे, आणि आठवड्याच्या सायंसभेत सर्वांचे एकत्र बसणे. प्रार्थना होती, पण तिने वैद्याची जागा घेतली नव्हती. पत्रलेखिका भगिनींना ज्या केंद्राचे नाव सुचविले आहे, तेथेही हाच क्रम आहे काय, हे त्यांनी अवश्य पाहावे.

आता दारूकडे येऊ. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर-दलाल कामानिमित्त ओहायो राज्यातील ॲक्रन गावी गेला होता. दारूने त्याचा संसार धुळीस मिळविला होता. नुकतेच काही महिने तो कोरडा राहिला होता. 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती मंडळीत तो जाई. तेथे आपले दोष चारचौघांत कबूल करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे आणि प्रार्थना, यांवर भर असे. त्या उत्साहात त्याने कित्येक मद्यपींना उपदेश केला. त्यांपैकी एकही सुधारला नाही. त्याच्या डॉक्टरांनी त्याला बजावले होते की, प्रवचन पुरे. हा आजार आहे, त्याविषयी बोल. ॲक्रनमध्ये व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटाच, आणि पलीकडे मद्यगृहातील हास्यविनोद ऐकू येत होता. पाय तिकडे वळू लागले, तेव्हा त्याने तेथील चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूचा दूरध्वनी काढला आणि विचारले की, मला बोलायला एखादा दारुडा मिळेल काय?

अशा रीतीने त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. स्मिथ यांनी पंधरा मिनिटे देऊ केली होती. बोलणे सहा तासांहून अधिक चालले. उपदेश स्मिथ यांनी पुष्कळ ऐकला होता. येथे समोरचा माणूस त्यांना बोल लावीत नव्हता. स्वतःची फजिती सांगत होता, आणि ती सांगण्याची गरज त्यालाच अधिक होती. त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे अनामिक मद्यपींची संघटना जन्मास आली. स्मिथ यांनी त्याच वर्षीच्या १० जूनला शेवटचा घोट घेतला, तोच दिवस संघटनेचा स्थापनादिन मानतात. बैठकांना फी नाही; दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता.

भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या कथेत आहे. घरची माणसे, डॉक्टर, बुवा, साहेब हे सारे मद्यपी माणसाशी काठावरून बोलतात. त्यांचे प्रेम खरे असते, पण ते काठावरचे असते. ज्याने स्वतः गटांगळ्या खाल्ल्या आहेत, तो बोलू लागला म्हणजे ऐकणाऱ्याची सबबींची पोतडी रिकामी होऊ लागते; कारण त्या सगळ्या सबबी समोरच्याने आधीच वापरून झालेल्या असतात. शिवाय 'असा नालायक जगात मी एकटाच' ही जी आतली जखम, ती भरायला आरंभ होतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी १९७० साली समूहोपचारावर एक मोठा ग्रंथ लिहिला. समूहात माणूस का बरा होतो, याची कारणे त्यांनी त्यात वेगवेगळी करून मांडली आहेत. आपले दुःख जगावेगळे नाही हे कळणे, दुसऱ्याला बरा झालेला पाहून आशा वाटणे, आणि आपणही कोणाच्या उपयोगी पडू शकतो हा अनुभव येणे, ही त्यांतील प्रमुख होत. अकरा वर्षे जो घरात केवळ ओझे होऊन राहिला, त्याला एखाद्या नवख्याच्या खांद्यावर हात ठेवता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

ही बैठक चालते तरी कशी? काही वर्षांपूर्वी आम्ही एका खुल्या बैठकीस गेलो होतो. बाहेरच्यांनाही येऊ देतात अशी ती बैठक होती. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, म्हणजे पुढची रांग नाही आणि मागची नाही. आरंभी क्षणभर शांतता, मग प्रार्थना, मग नियमांचे वाचन. एका वेळी एकानेच बोलावे. 'मी' म्हणून बोलावे. 'लोक असे करतात' असे नको. मध्ये तोंड घालू नये. बोलावयाचे नसेल तर तसे सांगून पुढच्याकडे पाळी द्यावी. न विचारता सल्ला देऊ नये. या शेवटच्या नियमाने आमची फार पंचाईत झाली. लेखणी हाती धरून इतकी वर्षे आम्ही सल्लेच देत आलो आहोत. त्या तासाभरात निदान सहा वेळा आमच्या जिभेवर उपाय आला आणि सहाही वेळा तो गिळावा लागला. घरी येताना जाणवले की, ज्यांना आम्ही उपाय सांगणार होतो, त्यांना उपाय ठाऊकच होते. त्यांना कोणीतरी शेवटपर्यंत ऐकणारा हवा होता. तेथे काय ऐकले ते मात्र आम्ही तेथेच ठेवून आलो आहोत.

येथे एक भेद सांगणे अगत्याचे आहे. अनामिक मद्यपींची बैठक ही समदुःखी माणसांनी आपली आपण चालविलेली असते. तेथे कोणी तज्ज्ञ नसतो. समुपदेशन केंद्रातील समूहोपचार प्रशिक्षित समुपदेशक चालवितो. सात-आठ माणसे, ठरलेला वार, साधारण तास-दीड तास. कोण गप्प आहे, कोण दुसऱ्याच्या बोलण्याआड लपतो आहे, कोणाचा राग कोणावर निघतो आहे, हे तो पाहत असतो आणि योग्य वेळी धागा उचलतो. पुष्कळ केंद्रांत या दोन्ही पद्धती एकमेकींच्या जोडीने चालतात.

दुसरा प्रश्न श्रद्धेचा. अनामिक मद्यपींचा ग्रंथ १९३९ साली निघाला, तेव्हा ऑक्सफर्ड ग्रुपशी त्यांचा संबंध सुटत आलेला होता. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. पण देव न मानणाऱ्या काही सभासदांनी आग्रह धरल्यामुळे, ज्याला जसा उमगेल तसा ईश्वर, अशी सोय त्यांत झाली. त्यामुळे ज्याने त्याने आपापले दैवत बरोबर आणावे. आपल्याकडचे एक उदाहरण मुंबईचे आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने फादर जो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. हे कॅथलिक धर्मगुरू योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. व्यसनमुक्तीसाठी त्यांनी बारा पायऱ्या, समूहोपचार आणि योगासने यांची सांगड घातली. चर्चच्या सावलीत योगासने करणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे आली. २००९ साली सरकारने परेरा यांना पद्मश्री दिली.

आपल्या परंपरेलाही ही गोष्ट अगदीच अनोळखी नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तेथे थोर कोण आणि लहान कोण, हे विचारीत नाहीत. मात्र भजनी मंडळ किंवा कीर्तन म्हणजे समूहोपचार, असे म्हणणे बरोबर होणार नाही. कीर्तनात आपण ऐकतो, भजनात संतांच्या शब्दांत बोलतो. या बैठकीत स्वतःच्या शब्दांत बोलावे लागते, आणि अवघड असते ते तेवढेच. श्रद्धेचे काम तेथे कोणते? माझ्या एकट्याच्या बळावर हे सुटत नाही, हे कबूल करायला ती धीर देते. जो रोज देवापुढे डोके टेकवितो, त्याला ही कबुली नवी नसते. आणि चुकलेल्याला परत घेणारा कोणी आहे, हा विश्वास असल्यावाचून माणूस आपली चूक उघडी करीतच नाही.

तथापि श्रद्धेचे नाव घेतले म्हणजे सारे आपोआप पवित्र झाले, असे मानू नये. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवून घेणारी खाजगी घरे होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांतील एका घरास आग लागली. माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण होरपळून मेले. त्यांना तेथे नेणारे बहुतेक त्यांच्या मायेचेच लोक होते, आणि दुवा मिळेल या आशेने त्यांनी नेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. दारूच्या व अमली पदार्थांच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या मनोव्याधीही त्या कायद्यात येतात.

म्हणून कोणत्याही केंद्रात, मग ते चर्चचे असो, मठाचे असो वा आणखी कोणाचे, पाऊल टाकण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. डॉक्टर आहेत काय? वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावरही बेतते. म्हणून पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीतच काढले पाहिजेत. समुपदेशकाचे शिक्षण काय? घरच्यांना भेटू देतात काय? कोणास बांधतात, मारतात काय? आपली उपासना आपण चालू ठेवावयास हरकत आहे काय? आणि पुन्हा तोल गेला, तर 'तुमची श्रद्धाच कमी पडली' असे म्हणतात, की 'उद्या परत या' असे म्हणतात? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून केंद्राची पारख बरीचशी होईल. मन घेत नसेल, तर देवाचे नाव न घेता चालणारी केंद्रेही आहेत. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात १९८६ साली उभारलेले 'मुक्तांगण' हे मराठी वाचकांस परिचित आहेच.

आता तो कडेला लिहिलेला तिसरा प्रश्न. समुपदेशकावर गोपनीयतेचे बंधन व्यवसायाचे आहे, आणि वर सांगितलेल्या कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क रुग्णास दिला आहे. कोणाच्या जिवास धोका असेल, तेव्हा मात्र अपवाद करावा लागतो. वर्तुळातील इतर माणसांना बंधन शब्दाचेच. शंभर टक्के हमी कोणीही देणार नाही. आम्हीही देत नाही. परंतु तेथे कोणी ओळखीचे भेटलेच, तर तेही त्याच कारणासाठी आलेले असतील. त्यांच्याही घरात एखादी मुलगी लग्नाची असेल. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे सारखेच आहे, ती माणसे एकमेकांची झाकली मूठ सांभाळतात. बैठकीत नुसते नाव सांगितले तरी चालते, आडनावाची गरज नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाची बैठक निवडली तर आणखी बरे. आणि भगिनींनी रागावू नये, पण अकरा वर्षांचा खोकला शेजाऱ्यांनी ऐकला नसेल, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या वस्तीत लोक जाणून असतात आणि अजाणता वागतात. कधी ते कुचेष्टेने असते, पण पुष्कळदा मायेने. घरातल्या मुलीला तर सारे ठाऊक असणारच. तिच्याशी याविषयी एकदाही बोलणे झाले नाही, असे पत्रात आहे.

यजमान जावयास तयार नसतील तर काय करावे, हे भगिनींनी विचारलेले नाही, तरी सांगतो. त्यांनी स्वतः जावे. बिल विल्सनची पत्नी लोइस हिची एक आठवण तिने लिहून ठेवली आहे. नवऱ्याची दारू सुटली होती. एके दिवशी, बैठकीला उशीर होतो आहे, लवकर चल, असे तो सहज म्हणाला, आणि लोइसने पायातला जोडा त्याच्या अंगावर फेकला. नंतर तिचे तिलाच नवल वाटले. इतकी वर्षे त्याला सावरणे हेच तिचे आयुष्य झाले होते. तो सावरला तो इतरांच्या सोबतीने, आणि तिचा साचलेला संताप मात्र तिच्यापाशीच राहिला. पुढे १९५१ साली तिने मद्यपींच्या घरच्या माणसांसाठी 'अल-ॲनॉन' ही निराळी संघटना उभी केली. तेथे नवऱ्याची दारू कशी सोडवावी, हे शिकवीत नाहीत. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे तेथे इतर बायकांच्या बोलण्यातून उमगत जाते. बाटल्या लपविणे, कचेरीत खोटा निरोप धाडणे, उधारी फेडणे ही सेवा नसून आजाराला घातलेले खतपाणी आहे, हे नणंदेने सांगितले तर झोंबते. तेच केलेल्या दुसरीने सांगितले तर पटते. जवळपास कोठे जावे हे कळत नसेल, तर सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मराठीतूनही बोलता येते आणि खर्च लागत नाही.

भगिनींनी पत्राच्या शेवटी लिहिले होते की, वाचून झाल्यावर हे फाडून टाकावे. त्याप्रमाणे आम्ही ते फाडले आहे. उत्तरात आम्ही दोनच गोष्टी कळविल्या. येत्या आठवड्यात केंद्रात जाऊन वरील प्रश्न विचारून यावे. आणि त्याआधी एका संध्याकाळी मुलीला जवळ बसवून हे सारे बोलावे. काय बोलावे, हे आम्ही सांगितलेले नाही. जात्यावर बसले म्हणजे ओवी सुचते, असे आपल्या आज्या म्हणत. आणि दळताना बाईने आपले दुःख त्या जात्याला सांगितले, असा आपला जुना रिवाज आहे. जाते ऐकत असे, पण बोलत नसे. भगिनींनी आम्हांस चार पाने लिहिली, म्हणजे सांगायला आरंभ झालाच आहे. पुढचे ऐकायला माणसे हवीत, आणि ती आहेत.